कॅम्प : शब्द एक, तंबू अनेक



दहावीत शिकणाऱ्या एका मुलीने आम्हांस विचारले आहे, की ‘चॅम्पियन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ गाइडमध्ये ‘विजेता’ असा दिला आहे. परंतु वर्तमानपत्रात एका मोठ्या माणसाला ‘गोरगरिबांचा चॅम्पियन’ म्हटले होते. त्या माणसाने तर कोणतीही स्पर्धा जिंकलेली नाही, मग हे कसे? प्रश्न चांगला आहे. उत्तरासाठी फार लांब जायला नको. आपण भिंगारची माणसे, आणि या शब्दाचा सख्खा भाऊ आपल्या पत्त्यातच येऊन बसला आहे. तो म्हणजे ‘कॅम्प’.

हा शब्द इंग्रजी आहे हे भिंगारात कोणाच्या ध्यानातही येत नाही. पोलीस ठाण्याचे नाव ‘भिंगार कॅम्प’. जुन्या बाया त्याला ‘क्यांप’ म्हणतात. ‘आमचं मालक क्यांपात कामाला व्हते’ असे एखादी आजी सांगते, तेव्हा कोणी बंगल्यावर माळी होते, कोणी मेसमध्ये वाढपी, कोणी मजूर, असे समजायचे. विहारात डोळे तपासणीचा कॅम्प लागतो. कॉलेजची मुले एनएसएसच्या कॅम्पला जातात. निवडणूक आली की अमका तमक्याच्या कॅम्पात गेला अशी बातमी येते. ज्याला शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही तोही हा शब्द चारपाच अर्थांनी बिनचूक वापरतो.

आम्हां कारकून मंडळींना ठाऊक असलेला आणखी एक कॅम्प आहे. जिल्ह्याचा अधिकारी दौऱ्यावर असताना पत्रावर सही करतो, तेव्हा तारखेशेजारी ‘कॅम्प : शेवगाव’ किंवा ‘कॅम्प : पाथर्डी’ असे लिहितात. इंग्रजांच्या काळात कलेक्टर थंडीच्या दिवसांत तंबू, घोडे, कारकून आणि दप्तराच्या पेट्या घेऊन तालुक्यातालुक्यांतून फिरे आणि जिथे तंबू पडेल तिथेच कचेरी भरे. तंबू गेले, जीपगाड्या आल्या, शब्द मात्र कागदावर राहिला. दाखल्यासाठी रोजगार बुडवून आलेल्या माणसाला शिपाई ‘साहेब कॅम्पवर आहेत’ असे सांगतो. बाहेरगावचा माणूस असेल तर मुकाट्याने परत फिरतो. नगरचा असेल तर बिचारा सायकल काढून भिंगारला येतो.

आता मूळ पाहू. जुन्या रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत ‘कॅम्पस’ म्हणजे सपाट, मोकळे मैदान. एवढाच अर्थ. त्यात तंबू नाही, शिपाई नाही, कॉलेज नाही. रोम शहराच्या वेशीबाहेर असे एक मोठे मैदान होते. मार्स नावाच्या युद्धदेवाच्या नावाने ते ओळखले जाई. हत्यारबंद फौजेला शहराच्या आत यायला बंदी होती, म्हणून कवायत या मैदानावर चाले. आणि रोमचे नागरिक आपले मोठे अधिकारी निवडण्यासाठी मत द्यायला जमत, तेही याच मैदानावर. कवायत आणि मतदान एकाच कॅम्पसवर, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

फौज मैदानावर उतरते, म्हणून उतरलेल्या फौजेचा तळ तो कॅम्प झाला. फ्रान्सच्या बऱ्याच भागात लोकांच्या बोलण्यात लॅटिनमधला सुरुवातीचा ‘क’ बदलून ‘च’ झाला, आणि इंग्रजांनी काही शब्द ‘क’ ठेवून घेतले, तर काही ‘च’ करून घेतले. म्हणून एका घरातले असूनही कॅम्प आणि चॅम्पियन यांचे चेहरे वेगळे दिसतात. मैदानात उतरून लढणारा तो चॅम्पियन.

परंतु कोणासाठी लढणारा? इथे त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. जुन्या काळी युरोपात खटल्याचा निकाल साक्षीपुराव्याऐवजी कधी कधी द्वंद्वयुद्धाने लावीत. वादी-प्रतिवादी मैदानात उतरत. जो जिंकेल त्याची बाजू खरी, कारण देव खऱ्याच्याच बाजूने असतो अशी समजूत. आता बाई, म्हातारा, अपंग किंवा धर्मगुरू यांनी काय करायचे? त्यांना आपल्या वतीने लढणारा माणूस उभा करता येई. हा दुसऱ्याच्या वतीने उतरलेला लढवय्या म्हणजे चॅम्पियन. इंग्लंडमध्ये हा लढाईने निकाल लावण्याचा कायदा १८१९ सालापर्यंत पुस्तकात होता. म्हणजे ‘गोरगरिबांचा चॅम्पियन’ हाच या शब्दाचा जुना अर्थ आहे, कप घेऊन फोटो काढणारा चॅम्पियन नंतर आला. लंडनच्या गोलमेज परिषदेत १९३० साली बाबासाहेब उभे राहिले ते या जुन्या अर्थाने. ज्यांना त्या दालनात पाऊल टाकता येत नव्हते त्यांच्या वतीने ते उतरले होते. मुलीने परीक्षेत दोन्ही अर्थ लिहावेत. गाइडवाल्याला एकच ठाऊक असेल तर तो त्याचा प्रश्न.

या घराण्यातला तिसरा भाऊ ‘कॅम्पेन’. फ्रान्समध्ये उघड्या माळरानाला, शेतीच्या मुलखाला ‘कॅम्पेन’ यासारखा शब्द होता. तिकडे हिवाळ्यात फौजा शहरात आसऱ्याला राहत आणि ऋतू पालटला की माळरानावर निघत. हे निघणे म्हणजे कॅम्पेन, आपली मोहीम. पुढे निवडणुकीची मोहीम, लसीची मोहीम, साक्षरतेची मोहीम, सगळ्यांना तोच शब्द लागला. युरोपात साखर कारखान्याच्या गळीत हंगामालाही कॅम्पेन म्हणतात. आपल्या जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला आणि पुढे जागोजागी चिमण्या उभ्या राहिल्या, पण आपण ‘हंगाम’ या शब्दावरच समाधानी राहिलो. हंगाम निघाला की पाथर्डीकडची माणसे बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला निघतात आणि फडाजवळच्या मोकळ्या जागेत पाचटाच्या कोप्या घालून सहा महिने राहतात. त्या वस्तीला कोणी ‘तळ’ म्हणतो, कोणी ‘अड्डा’. कॅम्प मात्र तिला कोणी म्हणत नाही. कॅम्प म्हटले की त्यात पाण्याची टाकी आणि संडास असावा लागतो, म्हणून म्हणत नसतील.

(‘शॅम्पेन’ नावाची उंची दारूही याच घराण्यातली. फ्रान्समधील त्या नावाचा प्रांत म्हणजे मूळचे माळरान. यावर याहून जास्त लिहिण्याचे कारण नाही.)

आपल्याकडे मोहिमेचा हिशेब पावसावर असे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा निघत आणि मृगापूर्वी परतत, किंवा परमुलखातच पावसाळा काढत. पावसाळ्यासाठी गवताने-पाल्याने शाकारून निवारे घालत, ती ‘छावणी’. छावणे म्हणजे शाकारणे, छप्पर घालणे. ‘छावणी केली’ म्हणजे पावसाळा काढला, असा अर्थ जुन्या मराठीत होता. आणि पाहा, त्याच चार महिन्यांत भिक्खूंचा वर्षावास असतो. आषाढ पौर्णिमेला एका ठिकाणी थांबायचे आणि आश्विन पौर्णिमेनंतर पुन्हा चारिकेला निघायचे, हा नियम शिपायाच्या छावणीपेक्षा कितीतरी जुना. पावसाने दोघांनाही थांबवले, एकाला तलवारीसकट आणि एकाला भिक्षापात्रासकट.

आज नगर जिल्ह्यात छावणी म्हटले की शिपाई आठवत नाही, जनावर आठवते. २०१२-१३ च्या आणि पुन्हा २०१८-१९ च्या दुष्काळात नगर आणि बीड जिल्ह्यांत चारा छावण्या उभ्या राहिल्या. दावणीची गाय विकवत नाही म्हणून माणसे जनावरांसोबत छावणीत राहिली, तिथेच स्वयंपाक केला, तिथेच पोरांचा अभ्यास घेतला. कागदावर ती जनावरांची छावणी होती. ज्याच्याकडे जनावरच नव्हते, त्या भूमिहीन मजुराला त्या कागदावर जागा नव्हती, हेही इथे लिहून ठेवतो.

मराठीने कॅम्प हा शब्द एकदा नव्हे, दोनदा घेतला. दुसऱ्यांदा इंग्रजांकडून, तो आपला आजचा. पहिल्यांदा अठराव्या शतकात, बहुधा पोर्तुगीजांच्या ‘कांपो’वरून. पणजीत कांपाल नावाचे मैदान आहे, तेही याच गोतातले. त्या पहिल्या फेरीत शब्दाचे रूप झाले ‘कंपू’. महादजी शिंद्यांनी द बॉयन नावाच्या फिरंगी सरदाराकडून कवायती पलटणी तयार करून घेतल्या, त्यांना ‘कंपू’ म्हणत. शिंद्यांचे कंपू हिंदुस्थानभर गाजले. १८०३ साली असईच्या लढाईत ते इंग्रजांसमोर उभे होते. पलटणी मोडल्या आणि शब्द पोरका झाला. आज आपण कंपू म्हणतो तो कार्यालयातल्या, संस्थेतल्या, मंडळातल्या आपसांत कुजबुजणाऱ्या टोळक्याला. जयंती कमिटीत दोन कंपू झाले की एकाच गल्लीतून दोन मिरवणुका निघतात, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. शब्दाची एवढी घसरण क्वचितच पाहायला मिळते.

‘गोट’ हाही फौजेच्या तळाचाच जुना शब्द. म्हणून ‘विरोधकांच्या गोटातून समजते’ असे वार्ताहर लिहितात. ‘शिबिर’ हा संस्कृतातला राजाच्या लष्करी तळाचा शब्द. आज त्यातच रक्तदान होते आणि श्रामणेर शिबिरात मुले चीवर परिधान करून दहा दिवस शील पाळतात. राजाचे शिबिर उठले आणि श्रामणेरांचे भरले, ही अदलाबदल आम्हांस फार आवडते.

सर्वांत मोठी गंमत ‘उर्दू’ची. तुर्की भाषेत ‘ओर्दू’ म्हणजे लष्करी तळ. बादशाही तळावर बोलल्या जाणाऱ्या भाषेला तळाचेच नाव पडले. आणि बादशाही तळ म्हटला की भिंगारला त्यातून सुटता येत नाही. औरंगजेबाचा शेवटचा तळ इथेच पडला होता आणि १७०७ साली इथेच तो मरण पावला. त्याची छावणी म्हणजे चालते शहर होते. बाजार, कारखाने, हत्ती, तोफा सगळे बरोबर. त्याच्याही मागे जायचे तर अहमदनगर शहर वसले तेच रणांगणावर. भिंगार हे गाव आधीपासून होते. त्याच्याजवळच्या मैदानात अहमद निजामशहाने बहामनी फौजेचा पराभव केला आणि पुढे १४९४ साली त्याच जागी शहर वसवले. २०२४ साली ते अहिल्यानगर झाले. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने किल्ला घेतला आणि मग इंग्रजांचा कॅम्प आला. १९४८ साली रणगाड्यांचे शिक्षण देणारे केंद्र आले, १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. आपल्या गावाच्या नशिबी पहिल्यापासून मैदान आहे.

आता आपल्या समाजाचा आणि कॅम्पाचा संबंध पाहू. तो नुसता शब्दाचा नाही. गावात आपली जागा ठरलेली होती, गावकुसाबाहेर आणि तीही पिढ्यान्‌पिढ्या. कॅम्प हा गावात नव्हता आणि महारवाड्यातही नव्हता. मोकळ्या मैदानावर नव्याने आखलेली ती वस्ती. तिथे पाटलाचा हुकूम चालत नसे आणि वेठबिगारीचा निरोप घेऊन कोणी येत नसे. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री जी पलटण पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला लढली, ती शिरूरच्या कॅम्पातून निघाली होती. दापोली हा कोकणातला इंग्रजांचा कॅम्प. तिला ‘कॅम्प दापोली’ असेच म्हणत. लष्करातून निवृत्त झालेले आपले लोक तिथे वसले. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यांनी अस्पृश्यतेवर छापील प्रश्न विचारले. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला तो महूच्या लष्करी कॅम्पात, आणि रामजींना पेन्शन मिळाल्यावर हे कुटुंब आले ते दापोलीला. महू, दापोली, मग सातारा, ही सगळी लष्करी ठिकाणे. पेन्शनीच्या पैशावर आणि लष्करातल्या अक्षरओळखीवर आपल्यातल्या पहिल्या शिकलेल्या घरांचा पाया घातला गेला.

म्हणून कोणी कॅम्पाचे गोडवे गाऊ लागला तर आम्ही त्यालाही थांबवू. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बापाने पदके मिळवली त्यांच्या मुलांना फाटकावरून परत पाठवण्यात आले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडली. कायमची म्हणावी अशी महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली. कॅम्पाचे फाटक आपल्यासाठी उघडले ते त्यांना गरज होती तेव्हा, आणि गरज सरताच बंद झाले. मैदान आपले नव्हते.

मैदान आपले नसणे म्हणजे काय, हे महाडला दिसले. २५ डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेसाठी हजारो माणसे येणार होती. मंडप घालायला जागा हवी होती आणि स्पृश्यांपैकी कोणी जागा देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. तिथे मंडप पडला, तिथे माणसे राहिली, आणि त्या रात्री तिथे मनुस्मृतीचे दहन झाले. इंग्रजीत या सत्याग्रहाला कॅम्पेन म्हणतात, तिथल्या मुक्कामाला कॅम्प म्हणतात, आणि बाबासाहेबांना चॅम्पियन म्हणतात. तिन्ही शब्दांचे मूळ ‘मैदान’, आणि तेच मिळत नव्हते! कोशकाराला ही गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नाही, पण आपल्या घरी ती मुलांना ठाऊक असावी.

याच शब्दाला एक काळी बाजूही आहे आणि तीही नगरच्या वाट्याला आली. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांचे युद्ध झाले. इंग्रजांनी बोअरांची शेते जाळली आणि त्यांच्या बाया-मुलांना तारेच्या कुंपणात कोंडले. ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प’ हा शब्द जगाच्या कानावर पडला तो विशेषकरून तेव्हा. उपासमारीने आणि साथींनी २५ हजारांहून अधिक बाया-मुले मेली. काळ्या आफ्रिकन लोकांसाठी वेगळे कॅम्प होते, तिथेही हजारो मेले, त्यांची मोजदाद नीट कोणी ठेवली नाही. लढताना पकडलेल्या बोअर पुरुषांना समुद्रापार पाठवले, आणि त्यांतले काही आणून ठेवले आपल्या नगरला. पहिल्या महायुद्धात इथेच जर्मन नागरिकांना कोंडले. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच.

या दुसऱ्या वेळच्या कैद्यांत एक जण आपल्या जवळचे होते. लामा अनागारिक गोविंद हे जन्माने जर्मन, १८९८ चे, आणि श्रद्धेने बौद्ध. त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले होते, तरी सरकारला ते संशयास्पद वाटले आणि त्यांना पकडून नगरच्या कॅम्पात ठेवले. आत हिटलरला मानणारे जर्मन कैदीही होते. गोविंद हिटलरविरुद्ध उघड बोलत, म्हणून त्या कैद्यांनी त्यांना त्रास दिला. म्हणजे बाहेरून इंग्रजांचा पहारा आणि आतून नाझींचा जाच. पुढे त्यांना देवळालीला आणि तिथून डेहराडूनला हलवले. डेहराडूनला श्रीलंकेतून आणलेले जर्मन भिक्खू न्यानपोनिक त्यांना भेटले आणि दोघांनी कैदेतही अभ्यास चालू ठेवला. आमच्या भिंगारच्या वाचकांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे? किल्ल्यात १९४२ पासून नेहरू कैदेत होते आणि तिथे त्यांनी ग्रंथ लिहिला हे शाळेतले प्रत्येक मूल सांगते. तारेआडचा बौद्ध मात्र कोणाला आठवत नाही.

आणि हिटलरच्या आत्मचरित्राच्या नावात जो ‘काम्फ’ शब्द आहे, त्याचा अर्थ लढा. तोही मैदानातूनच आलेला. मैदान, मग मैदानातली झुंज, मग झुंज हाच अर्थ. ज्या मुळातून गरिबांच्या वतीने लढणारा चॅम्पियन निघाला त्याच मुळातून हे निघाले.

देवळालीचे नाव निघालेच आहे तर तिची गोष्ट सांगून टाकू. नाशिकजवळची देवळाली ही विलायतेला परत जाणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या मुक्कामाची जागा. बोटीची वाट पाहत तिथे दिवसेंदिवस पडून राहावे लागे. काम नाही, ऊन भयंकर, मलेरियाचा त्रास, त्यामुळे काही जणांचे डोके फिरे. इंग्रजीत आजही वेड्यासारखे वागणाऱ्याला ‘डूलॅली’ म्हणतात. पूर्वी ‘डूलॅली टॅप’ असे पुरे म्हणत. टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप! देवळालीचा ताप इंग्रजांनी असा मायदेशी नेला आणि शब्दकोशात ठेवला.

१९४७ च्या फाळणीत कॅम्पाला आणखी एक अर्थ मिळाला. कल्याणजवळ युद्धकाळातला लष्करी कॅम्प रिकामा पडला होता. तिथे सिंधहून आलेल्या निर्वासितांना ठेवले. १९४९ साली त्याचे उल्हासनगर झाले, परंतु लोक अजून ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असाच पत्ता सांगतात. आपल्या समाजाचीही तिथे मोठी वस्ती आहे. दोन्हीकडची आजची पोरे त्या नंबरांतच जन्मली आणि तंबू त्यांच्यापैकी एकानेही पाहिलेला नाही.

नात्यातले वाटतात पण नात्यातले नाहीत असे काही शब्द आहेत, तेही सांगतो, कारण मुले फसतात. ‘कॅन्टोन्मेंट’ हा कॅम्पाचा भाऊ नव्हे. तो ‘कोपरा’ या अर्थाच्या शब्दापासून निघाला. फौजेला वाटून दिलेला मुलखाचा कोपरा. ‘कंपनी’ही वेगळी. तिच्यात ‘सह’ आणि ‘भाकरी’ हे दोन लॅटिन शब्द आहेत. एका ताटातली भाकरी खाणारे ते कंपनी. या देशात राज्य करून गेलेल्या कंपनीने कोणाची भाकरी खाल्ली तो प्रश्न वेगळा, पण सहभोजनाला याहून चांगला इंग्रजी शब्द नाही. ‘कंपाउंड’, म्हणजे बंगल्याभोवतीचे आवार, हा बहुतेक अभ्यासकांच्या मते मलायातल्या ‘कांपुंग’ म्हणजे वस्ती या शब्दावरून आला. आणि ‘कॅम्फर’ तर आपलाच कापूर.

राहता राहिला ‘कॅम्पस’. अमेरिकेत अठराव्या शतकात प्रिन्स्टनच्या कॉलेजपुढच्या मैदानाला हे नाव पडले आणि तिथून ते जगभरच्या विद्यापीठांना लागले. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबासाहेबांनी १९५० साली कॉलेज उभे केले, तेव्हा छावणीजवळचे मैदानच निवडले. पण त्याला त्यांनी इंग्रजी नाव दिले नाही. नागसेनवन म्हटले. आपल्या मालकीच्या मैदानाचे नाव आपल्याला ठेवता येते.

आणि रोमच्या मैदानावरचे मतदान? योल नावाचे हिमाचल प्रदेशात एक छोटे ठाणे आहे. तिथेही दुसऱ्या महायुद्धात कैद्यांचा कॅम्प होता, इटालियनांचा. २०२३ साली केंद्र सरकारने त्याचा कॅन्टोन्मेंटचा दर्जा काढला आणि नागरी वस्त्या शेजारच्या स्थानिक संस्थांना जोडण्याचे धोरण पुढे आणले. त्याच वर्षी देशातल्या ५७ कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या जाहीर झालेल्या निवडणुका रद्द झाल्या. कॅम्पातल्या माणसाला नळजोड हवा, घरावर पत्रा टाकायचा किंवा भिंत वाढवायची, तर अर्ज कोणाकडे आणि जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न आमच्याकडे आलेल्या कितीतरी पत्रांत आहेत. त्यांची उत्तरे शब्दकोशात नाहीत. ती बोर्डाच्या आणि महानगरपालिकेच्या कागदांत आहेत, आणि ते कागद माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात. अर्जाचा नमुना ज्यांना हवा असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात यावे, आम्ही तिथे असतो.

पुढील अंकी ‘चार्ज’ हा शब्द घेऊ. दवाखान्याचा डिस्चार्ज, पोलिसांचे चार्जशीट आणि मोबाईलचा चार्जर हे एकाच गाडीतून कसे उतरले ते पाहू.